मुकादमला घर हवंय

४ नोव्हेंबर, मंगळवार
जाहिरात टाकली एकदाची. सकाळ त्यातच गेली. फोटोसाठी मु. उभा राहायला तयार नाही. बिस्कीट दाखवलं तर आडवं पडूनच तोंड उघडलं. तोच फोटो टाकला. ‘लॅब्रॅडॉर, नर, वय आठ, लसी झालेल्या. मालकीण नागपूरला राहायला जात असल्याने चांगल्या घरी देणे आहे. किंमत नाही.’
नाव मुद्दाम लिहिलं नाही. ऑफिसात अर्ज तपासायचे, तेव्हाची खोड. छाननीला बसलं की एक गोष्ट आपण होऊन सांगायची नाही, समोरचा विचारतो का बघायचं. ज्याला खरंच कुत्रं हवंय तो आधी नाव विचारेल.
नागपूरहून ताईचा फोन. जयभीम झाल्याबरोबर, “काऊन वं, देल्लं का कुत्रं?” आजच जाहिरात टाकली म्हटलं. तिच्या नातवाला दमा, केस चालणार नाहीत, हे परत ऐकलं. उद्या तुझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं की पुण्यात तुझ्याजवळ कोण आहे, हेही. मला मूलबाळ नाही. बघते म्हणून फोन ठेवला.

६ नोव्हेंबर, गुरुवार
मेसेजच मेसेज. “अव्हेलेबल?” “लास्ट प्राइस?” किंमत नाही असं लिहिलंय, तरी लास्ट हवीच. एकाला वंशावळीचे पेपर हवेत, मेटिंगला चालेल का विचारतो. नाही चालणार. ब्लॉक.
एक जण म्हणे लष्करात. खडकवासल्याला पोस्टिंग, बाहेर पडता येत नाही, माणूस पाठवतो, त्याआधी ‘व्हेरिफिकेशन’साठी एक कोड स्कॅन करा. गणवेशातला फोटो पाठवला. टोपी एका माणसाची, मान दुसऱ्याची. ह्यांची निम्मी नोकरी खडकवासल्याला धरणावर गेली, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक. विचारलं, रेल्वे स्टेशनपासून किती लांब? म्हणाला, अगदी जवळ, चालत याल. खडकवासल्याला रेल्वे आली आणि आम्हाला कोणी कळवलंही नाही. त्रुटी नोंदवून अर्ज निकाली.
संध्याकाळी हे सगळं मु.ला वाचून दाखवलं. दुसऱ्या कोणाला दाखवणार. हे असते तर हसून हसून ठसका लागला असता.

९ नोव्हेंबर, रविवार
नाव एकानेही विचारलेलं नाही. एवढं चांगलं नाव. मु. पिल्लू होता तेव्हा सोसायटीत रंगकाम चाललं होतं. हा सावलीत आडवा पडून दिवसभर रंगाऱ्यांवर लक्ष ठेवायचा. हे म्हणाले, “हा स्वतः कामाला हात लावणार नाही, हा मुकादम.” तेच राहिलं.
वैतागून जाहिरातीखाली ओळ घातली: ‘ज्यांना कुत्र्याचं नाव विचारावंसं वाटत नाही, त्यांनी स्वतःचं नाव सांगण्याची तसदी घेऊ नये.’
शेजारच्या दामल्यांना जिन्यात वाचून दाखवली. म्हणाले, “शेवटी पुणेकर झालात तुम्ही.” इतक्या वर्षांनी प्रमाणपत्र मिळालं, तेही निघताना.
मंडईतून लाल भोपळ्याची फोड आणली, मु.च्या भातात घालायला. माझ्यासाठी काय घ्यावं ते सुचलं नाही. तशीच परतले.

११ नोव्हेंबर, मंगळवार
पाटी लागू पडली. आता जो तो पहिलं नावच विचारतोय.
फक्त एक सोडून. मांजरी गावचे कोणी गायकवाड. मेसेज नाही, थेट फोन. “कुत्रं हाय का आजून?” आहे म्हटलं. “रातचं भुकतंय का?” भुंकतो कधीकधी. “मंग चालंल.” एवढंच. नाव नाही, वय नाही, खातो काय ते नाही. घराचा फोटो पाठवा म्हटलं तर, “फोटू कशाला, तुमीच येऊन बगा की.” म्हणजे उसाच्या रानात एकट्या बाईने जायचं. नंबरला फोटोसुद्धा नाही. ब्लॉक.
दुपारी एक अनघा म्हणून. कोथरूडची. “नमस्कार काकू, या गोड मुलाचं नाव काय?” शुद्ध मराठी, अनुस्वार जागच्या जागी. तळमजल्याचं घर, अंगण, आधीचं कुत्रं म्हातारं होऊन गेलं, घरात माणूस कायम. अंगणाचा फोटो न मागता पाठवला. एकही रकाना रिकामा नाही. असे अर्ज नोकरीत वर्षातून एखादा यायचा.

१५ नोव्हेंबर, शनिवार
अनघा रोज विचारते. मु. कुठे झोपतो, फटाक्यांना घाबरतो का, पाठ कुठे खाजवलेली आवडते. मी सांगते. लिहायला बसले की थांबत नाही. शेवटी तिचं ठरलेलं, “आणि काकू, तुम्ही जेवलात का?”
काल चहा-टोस्टवर भागवलं होतं आणि तिला पोळी-भाजी लिहिलं. मग खोटं नको म्हणून उठून कणीक मळली.
उद्या येणार आहे मु.ला बघायला.

१६ नोव्हेंबर, रविवार
मु.ला आंघोळ घातली, स्टुलावर बसून. गुडघा बोंबलला. पोहे भिजवले, कोथिंबीर निवडली, बैठकीतली चादर बदलली.
आली नाही. दुपारी मेसेज, सासूबाई बाथरूममध्ये पडल्या. बिचारी. मीच तिला धीर दिला. पोहे आम्ही दोघांनी संपवले, मु.ने बिनमिरचीचे.

१९ नोव्हेंबर, बुधवार
आज तिला ह्यांच्याबद्दल लिहिलं. का लिहिलं माहीत नाही. हॉस्पिटलमधून मी एकटीच परत आले तेव्हा मु. दाराशी बसला होता. मी आत आले तरी तो माझ्या मागे बघत राहिला. पुढे कितीतरी दिवस रोज संध्याकाळी दाराशी जाऊन बसायचा. हे मी ताईलाही सांगितलेलं नाही.
तिने लिहिलं, “तुम्ही दोघांनी एकमेकांना सांभाळलंत काकू.”
रडले. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. लोक भेटायला आले, ‘काळजी घ्या’ म्हणाले, पेन्शनचे कागद झाले का विचारलं. हे कोणी म्हटलं नव्हतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार
अनघाला यायला जमत नाही. सासूबाईंना सोडून निघता येत नाही. ती कुत्र्यांची ने-आण करणारी गाडी पाठवतेय. पिंजऱ्याचं डिपॉझिट मात्र ‘सध्याच्या मालकाने’ भरायचं, असा त्यांचा नियम. लगेच परत मिळतं. लिंक पाठवलीय.
वाचल्याबरोबर कळलं. खरं म्हणजे कळलं आणि कळून घ्यायचं नव्हतं. तासभर तिच्या बाजूने मीच वकिली केली. असेल तसा नियम. सासू पडलीय, ती तरी काय करणार. एकदा बोट लिंकवर नेलंसुद्धा.
हे नेहमी म्हणायचे, “तू कागद बघतेस, मी भिंत बघतो.” कागदांत कालव्यावरची मोरी ठणठणीत असायची. हे जाऊन हात लावायचे आणि प्लास्टर हातात यायचं. माझी अख्खी नोकरी टेबलावर गेली. स्थळपाहणी एकदाही केली नाही, ते माझं कामच नव्हतं.
लिहिलं: गाडी नको, मीच रिक्षाने घेऊन येते, पत्ता दे.
बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत होतं. मग आलं, “काकू, माझ्यावर विश्वास नाही का?”
कागद मागितला की विश्वासाचं विचारणारे मी नोकरीत खूप पाहिले. परत लिहिलं, पत्ता दे. उत्तर नाही.
अंगणाचा फोटो उघडून बघितला. कितव्यांदा कोण जाणे, पण आज पहिल्यांदा नीट. मागच्या झाडाला सफरचंदं लागलीयत. कोथरूडमध्ये.
आणि नाव? नाव विचारायचं हे तिला मीच सांगितलं होतं. जाहिरातीत, ठळक, टोमण्यासकट. पेपर मीच फोडला आणि उत्तर बरोबर आलं म्हणून खूश झाले.
पैसे गेले नाहीत. कोणाला सांगितलं तर म्हणतील, मग बिघडलं काय.

२३ नोव्हेंबर, रविवार
दिवसभर कशात मन नाही. मु.ला ओरडले, उगाच. तो टेबलाखाली जाऊन बसला. मग मीही खाली बसले. उठताना खुर्ची, टेबल, मु. सगळ्यांचा आधार घ्यावा लागला. आणि ताई माझं पुढच्या रविवारचं तिकीट काढून मोकळी झालीय.
संध्याकाळी विचार केला, माझी पाटी न वाचलेला माणूस कोण? एकच. गायकवाडांचा नंबर ब्लॉकमधून काढला. आपणच ब्लॉक केलेल्या माणसाला काय म्हणावं ते ठरवून फोन केला. त्यांना कळलंच नव्हतं. “लागंना तुमचा फोन, म्हटलं दिलं आसंल कुनाला.”
जाहिरात वाचली नव्हती का? “फोटू बगितला. बारीक आक्षर दिसत न्हाई.”
भुंकण्याचं का विचारलं होतं? म्हणाले, “आमचं म्हातारं रातचं उठतंय आन् रानात निघतंय. त्याला काय उमजत न्हाई आता. कुत्रं भुकलं तर आमाला जाग यील.”
आणि नाव? “त्ये काय, आमी आमचं ठिवलं आसतं.”
वाईट वाटावं की हसू यावं. म्हटलं, मी येऊन बघते.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
स्थळपाहणी. आयुष्यातली पहिली.
रिक्षावाला कुत्रं बघून नाही म्हणत होता. मु.ने आत चढून आडवं पडून प्रश्न मिटवला. मांजरीत नव्या इमारती संपल्या की ऊस लागतो. गायकवाडांचं घर शेवटच्या इमारतीच्या मागेच. मी सगळं बघितलं. पाण्याचा हौद, फाटकाची कडी, सावली कुठे येते. भिंतीलासुद्धा हात लावला. गायकवाड वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मग भाकरी खाऊनच जा म्हणाल्या. जेवले.
रात्री उठून निघणारे आजोबा अंगणात बाजेवर. स्वच्छ टोपी, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. मु. सरळ जाऊन त्यांच्या बाजेखाली आडवा झाला. समोर ऊसतोड चालली होती. तोडणाऱ्यांवर नजर ठेवून पडला.
आजोबांनी विचारलं, “नाव काय ह्येचं?”
मुकादम, म्हटलं. खूश झाले. थोड्या वेळाने परत, “नाव काय ह्येचं?” परत सांगितलं, परत तेवढेच खूश. निघेपर्यंत विचारत होते. मी दर वेळी सांगत होते. इतक्या दिवसांत पाटी न वाचता कोणी विचारलं असेल तर त्यांनीच.
शनिवारपर्यंत ठेवून बघायचं ठरलं. त्याची चादर, भांडं, बॉल दिला. शनिवारी फोन करायचा, ठेवायचं की न्यायचं. रिक्षा सुरू झाल्यावर मु. फाटकापर्यंत आला, माझ्याकडे बघत. मग मागून आजोबांची हाक, “मुकादम.” या वेळी बरोबर लक्षात होतं. मु.ने मान वळवली.
मी रिक्षावाल्याला चला म्हटलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
मु.ची जागा सोडून चालतेय अजून. दाराशी पाय लांब टाकते.
वहिनींनी व्हिडिओ पाठवला. मु. बाजेखाली, आजोबांचा हात खाली लोंबतोय, मु.च्या डोक्यावर. काल रात्री भुंकला म्हणे. आजोबा कालव्यापर्यंत पोचायच्या आत गायकवाडांनी त्यांना धरून आणलं. “लई कामाचा हाय,” असं वहिनी म्हणाल्या. जन्मात पहिल्यांदा त्याने काम केलं आणि ते बघायला आम्ही दोघंही नाही.
मला आनंद व्हायला हवा. झालाही. पण तो परत यायला हवा, हेही तेवढंच खरं आहे आणि ते कोणाला सांगण्यासारखं नाही.
ताई म्हणाली, “भरलं का वं सामान?” हो म्हटलं. एक बॅग पलंगावर उघडी आहे, आत काही नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार
गायकवाडांना फोन करायचाय. सकाळपासून चहा दोनदा गार झाला.
अकराच्या सुमाराला मेसेज. अनघा. “काकू, मुकादम कसा आहे?” जसं मध्ये काही झालंच नाही.
ती कोण, बाई की बाप्या, कुठे बसून लिहितो, आणखी किती काकू आहेत त्याच्याकडे, काही माहीत नाही. हेतू माहीत आहे. ब्लॉक करायचं कसं तेही माहीत आहे, महिनाभर तेच करतेय.
लिहिलं, “बरा आहे. रमलाय.” पाठवलं.
लगेच आलं. “आणि तुम्ही जेवलात का?”
नाही जेवले. आज हे दुसऱ्या कोणी विचारलेलं नाही, ताईनेही नाही, आणि उद्या गाडीत कोणी विचारणार नाही. ‘जेवले’ असं लिहायच्या आधी फोन ओट्यावर पालथा ठेवला आणि कणीक काढली. गायकवाड पाच वाजता रानातून येतात, त्यानंतर फोन करा म्हणाले होते.