आप्पासाहेबांनी आभाळातून डॉक्टर परत पाठवला

मु. खडकवस्ती, ता. पारनेर
९ सप्टेंबर १९९८

आदरणीय दाजी आणि ताई यांस,

महेंद्रचा सप्रेम जयभीम. श्रावण सरला तरी दाजींचा गुडघा अजून रुसलेलाच आहे, असं ताईच्या पत्रावरून कळलं. तुमच्या श्रीरामपुरात गल्लोगल्ली दवाखाने आहेत आणि तुम्ही घरी तेल चोळत बसता, याला काय म्हणावं? इकडे आई ठणठणीत आहे (सकाळी उठल्यापासून भांडते, त्यावरून ओळखतो). यशोधराला सातवा लागला. बाळ आडवं आहे, वेळेला डॉक्टर हाताशी हवा, असं आरोग्य केंद्रातल्या नर्स छबूबाईंनी बजावलंय. आमच्या केंद्रात डॉक्टरची खुर्ची आहे, टेबल आहे, टेबलावर नावाची पाटीही आहे. डॉक्टर मात्र बदली होऊन गेला, त्याला दोन पावसाळे झाले. तेव्हापासून अडलेली बाई टेम्पोत घालून नगरला न्यायची आणि वाटेतल्या खड्ड्यांना हात जोडायचे, असा रिवाज पडलाय. टेम्पोचा आवाज आला की यशोधरा हातातलं काम थांबवते. मला ते बघवत नाही.

म्हणून आम्ही सात गावांची कृती समिती काढली. अध्यक्ष आप्पासाहेब, चिटणीस मी. (आप्पासाहेबांना अध्यक्ष का केलं हे विचारू नका. त्यांच्याकडे जीप आहे.) अर्जावर अर्ज केल्यावर निरोप आला, की मुंबईचे बडे साहेब आमच्याशी बोलतील, पण समोरासमोर नाही. नगरच्या एका कचेरीत टीव्ही बसवलाय, त्यात साहेब दिसतील आणि साहेबांना आम्ही दिसू. आपला आवाज आधी आभाळात उपग्रहाकडे जातो आणि तिथून मुंबईत उतरतो म्हणे. हे ऐकून आप्पासाहेबांनी पहिला प्रश्न विचारला, की हार कुणाच्या गळ्यात घालायचा.

आता टीव्हीतून बोलायचं म्हणजे शिकायला हवं, म्हणून आप्पासाहेबांनी पुण्याहून रविराज सर नावाचे एक गृहस्थ आणले. पुढाऱ्यांना बोलायला शिकवतात. (पुढाऱ्यांना गप्प बसायला शिकवणारा कुणी आहे का, याचा मी शोध घेतोय.) भर उन्हात गळ्यात टाय, बोलताना सारखे हसणार, कुणाच्या मयताची बातमी सांगतानाही हसतील असा चेहरा. त्यांनी शाळेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा उंचावर ठेवला, त्यावर खडूनं एक डोळा काढला आणि हाच कॅमेरा समजा म्हणाले. दोन दिवस आप्पासाहेब त्या डब्याला भाषण देत होते. डब्याच्या डोळ्याला डोळा भिडवा, हात फार उडवू नका, शेजारी बसलेल्यांनी हलायचं नाही, खोकायचं नाही, कारण सगळं तिकडे दिसतं, असं सरांचं शास्त्र. आप्पासाहेबांना समोर माणसं नसली की शब्द फुटत नाही, म्हणून आम्हा पाचजणांना डब्यामागे टाळ्या वाजवायला उभं केलं होतं. डबा नम्रपणे ऐकून घेत होता. सरांनी आप्पासाहेबांना उत्कृष्ट वक्ते ठरवलं. फक्त एक गोष्ट सांगायची राहिली. आवाजाला आभाळात जाऊन यायला वेळ लागतो आणि लाइन वाईट असली की उत्तर फार रेंगाळत येतं, हे डब्याला ठाऊक नव्हतं आणि सरांनाही नसावं.

ठरल्या दिवशी सरांसकट नगरला गेलो. आप्पासाहेबांनी जाताच हार टीव्हीला घातला, तर तो कॅमेऱ्यावरच आला आणि मुंबईला नुसता झेंडू दिसू लागला. कचेरीतल्या माणसानं हार काढला तेव्हा आप्पासाहेबांना सभा उधळल्यासारखं वाटलं. मग साहेब दिसले. चित्र अडकत अडकत येत होतं, आणि साहेबांची एक भुवई वर जाऊन तिथंच थांबली होती. आप्पासाहेबांनी मात्र डब्यापुढे घोटलेलं झकास म्हटलं. सात गावं, दोन वर्षं, बायाबापड्यांचे हाल, आम्हाला कायमचा डॉक्टर द्या. मला खरंच भरून आलं.

पण साहेब गप्प. भुवई वरच.

आता दाजी, आपल्याकडे साहेब गप्प झाला म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. साहेब नाराज. अशा वेळी मागणी थोडी खाली आणायची आणि साहेबांचा चेहरा सैल होतोय का बघायचं, यावर आप्पासाहेबांचं सगळं राजकारण उभं आहे. ते लगेच म्हणाले, "कायमचा न्हाई म्हनत आमी साहेब, आठवड्यातून दोन दिस आला तरी लई झालं." भुवई वरच. "दोन दिस जास्त हुत्यात, येक दिस बी चालंल." तरी भुवई वर. मग तर त्यांना घाम फुटला. "तसं आमच्या छबूबाई हायेत साहेब, लई हुशार नर्स हाय. तशी अडचन काय न्हाई."

आणि तेवढ्यात आभाळातून उत्तरं उतरायला लागली, ज्या क्रमानं मागण्या वर गेल्या होत्या त्याच क्रमानं. कायमचा डॉक्टर मंजूर, पुढच्या आठवड्यात रुजू होईल. बरं, दोन दिवस म्हणता, दोन दिवस करू. एकच पुरेल? ठीक आहे. अडचण नाहीच म्हणता, तर मग तो डॉक्टर दुसऱ्या केंद्राला देऊन टाकतो, तिथले लोक फार मागे लागलेत. शेवटी साहेब म्हणाले, तुमच्यासारखे समजूतदार अध्यक्ष सगळीकडे हवेत. आणि पडदा काळा झाला.

म्हणजे आमच्या हातात आलेला डॉक्टर आप्पासाहेबांनी तीन वाक्यांत परत केला. बाहेर येऊन हा माणूस चहा पिताना सांगतो, की साहेबांनी आपल्याला समजूतदार म्हटलं. रविराज सरांनी हसत हसत अभिनंदन केलं. आता परवा मारुतीच्या पारावर सत्कार आहे. हार तोच, सुकलेला.

ताईला नमस्कार आणि भाच्यांना आशीर्वाद. दाजी, गुडघा डॉक्टरला दाखवा.

तुमचा,
महेंद्र

ता. क. मुद्द्याचं लिहायचं राहिलं. यशोधराला बाळंतपणाला तुमच्याकडे पाठवावं म्हणतो. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण तिच्या माहेरीही डॉक्टर नाही. तुमची जागा लहान आहे हे माहीत आहे. ती व्हरांड्यात झोपेल, आई सोबत येईल (आईच्या भांडणाची आगाऊ माफी).

ता. क. २. वरचं सगळं यशोधरानं वाचलं. तिनं एवढंच विचारलं, की कायमचा डॉक्टर मंजूर झाला तेव्हा तुम्ही शेजारीच होता ना, मग आप्पासाहेबांना बाजूला सारून 'तोच द्या' म्हणायला तुमचं तोंड कुणी शिवलं होतं? मी सांगितलं, की हलायचं नाही असं सरांनी बजावलं होतं. तिनं पेटी काढली आणि कपडे भरायला घेतले.

ता. क. ३. तुमचं उत्तर यायला टपालाचे चार-पाच दिवस जातील. तेवढ्यात तुम्ही गप्प आहात म्हणून मी मागणी खाली आणणार नाही. रविवारी दुपारच्या एसटीनं तिघंही येतो.