समोरच्या सोंडेवरचा कोपरा

४ ऑक्टोबर, सकाळ
कॅम्प लागला. या डोंगराच्या माथ्यावर प्राचीन वस्ती होती, हे मी किती वर्षं ओरडून सांगतोय. पुरातत्त्व खात्यानं अखेर एका सीझनची परवानगी दिली. मार्चमध्ये मी रिटायर. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. हरकत नाही, मोठी माणसं शेवटीच फॉर्मात येतात.
ही पण आलीय. शाळेत ड्रॉइंग शिकवायची. सापडेल त्याची चित्रं काढेल. तेवढाच तिला विरंगुळा.

५ ऑक्टोबर
संकल्प: रोज स्वतः माथ्यावर चढणार.

६ ऑक्टोबर
गुडघा. खालूनच दुर्बिणीतून लक्ष ठेवलं. लीडरला ओव्हरव्ह्यू लागतो.

९ ऑक्टोबर
माथ्यावर खणलेल्या चरात दगडांची ओळ! माझा असिस्टंट वॉकीटॉकीवर म्हणाला, सर, नैसर्गिक खडक वाटतोय. म्हटलं, वाटण्यावर शास्त्र चालत नाही. खोल जा.

१२ ऑक्टोबर
खोल गेले. खडकच. संध्याकाळी सगळे लवकर जेवून तंबूत गेले. दमले असतील. मीही दमलोय, खुर्चीत बसूनसुद्धा.
लेकीशी बोलायला रेंज मिळते म्हणून ही रोज डोंगराच्या समोरच्या सोंडेवर जाते. आज म्हणाली, अहो, तिथं दगड एकावर एक रचलेत, चक्क कोपरा आहे. स्केचही दाखवलं. म्हटलं, अगं, डोंगरात दगड असायचेच. शेडिंग छान जमलंय म्हणून कौतुक केलं. स्केचबुक मिटून घेतलं. संकोची स्वभाव.

१५ ऑक्टोबर
खात्याच्या डायरेक्टरबाई पाहणीला आल्या. माझीच जुनी विद्यार्थिनी. आमचा चर बघून चष्मा काढून डोळे चोळले. भारावल्या असाव्यात. मग चहा पिताना हिचं स्केचबुक चाळलं आणि हिला घेऊन तडक समोरच्या सोंडेवर गेल्या. मला म्हणाल्या, सर, तुम्ही गुडघा सांभाळा.

१६ ऑक्टोबर
वरचा चर बुजवला. खोदकाम सोंडेवर हलवलं. मी परवानगी दिली. म्हणजे कोणी मागितली नव्हती, पण मी दिली.

१९ ऑक्टोबर
सोंडेवर भिंत मिळाली. खरीखुरी. सगळे टाळ्या वाजवत होते, इथपर्यंत ऐकू आलं. दुर्बीण लावली. ही मधोमध उभी, हात मातीनं भरलेले, हसत होती. अशी हसताना शेवटचं कधी पाहिलं, आठवेना. दुर्बिणीची काच पुसली. धूळ फार.
असिस्टंटला म्हटलं, दिशा तर माझीच होती ना? तो म्हणाला, हो सर, साधारण.

२१ ऑक्टोबर
डॉक्टर म्हणतात खाली जा. डायरेक्टरबाई म्हणाल्या, काकूंना मात्र राहू द्या, त्यांच्यासारखं ड्रॉइंग आमच्याकडे कोणाला जमत नाही. हिनं माझी बॅग भरली, औषधांच्या वेळा समजावल्या आणि घाईघाईनं चढायला लागली. मागं वळून हात करेल म्हणून मी जीपपाशी थांबलो होतो. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

२६ ऑक्टोबर, घरी
हिचा फोन. भिंतीच्या आत चूल निघाली, म्हणाली. राख तशीच आहे. लिंपलेल्या मातीत कुणाच्या तरी बोटांचे ठसे आहेत, बाईचे असावेत, लहान आहेत. त्यांचं चित्र काढताना मी माझं बोट शेजारी धरून पाहिलं हो, म्हणाली.
मला खूप काही बोलायचं होतं. शास्त्रीय, आणि दुसरंही.
विचारलं, वॉशिंग मशीनचं कुठलं बटण दाबायचं?
तिनं सांगितलं. डावीकडचं.