कावळ्यावर मारलेला खडा

१० फेब्रुवारी २००५, गुरुवार
सु.चा दशक्रिया विधी झाला. इनामगावला, नदीकाठी. सकाळी शिरूरहून जीप केली. पिंडाशेजारी बाजरीची भाकरी आणि कांद्याची पात ठेवली, तिला आवडायची म्हणून. कावळे बाभळीवर बसून. खाली येईनात.

सासरे म्हणाले, "पाव्हणं, माझ्या लेकीचा जीव कशात आडकलाय ते बोला की." मला चारचौघांत बोलता येत नाही. शेवटी म्हणालो, मुक्तावर परत कधी हात उचलणार नाही. आजारपणात सु. एवढंच मागत होती.

लगेच एक कावळा उतरला. पिंडापासून हातभर. मुक्तानं खडा मारला. "जा! माझ्या आईच्या ताटाला शिवू नको!"

मागून कुणीतरी, "घेतली इकेट पोरीनं!" काहीजण हसले.

मी मुक्ताच्या थोबाडीत मारली. सगळ्यांसमोर.

मग तासभर एकही कावळा आला नाही. दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि उठलो.

११ फेब्रु., शुक्र.
अक्का मुक्ताला म्हणाली, "तुझ्यापायी आई उपाशी गेली बघ." थोरली बहीण, तिला काय बोलणार.
मुक्ता म्हणाली, "आत्या, तो कावळा नव्हता. राक्षस होता." रविवारच्या कार्टूनमध्ये राक्षस कावळा होऊन देवाच्या आईचं ताट बाटवायला येतो. छोटा देव त्याला खडा मारून हाकलतो. दुसरीतली पोर, पण सगळं नीट सांगितलं.
अक्का मला, "इलास, आधी त्यो टीव्ही इकून टाक."
टीव्ही मीच आणला. सु. दवाखान्यात, मुक्ता शेजारणीच्या भरवशावर. देवाचं बघते म्हणून मला बरंच वाटायचं. पिंडाला कावळा का शिवावा लागतो, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं. मलाही कुणी सांगितलं नाही.

१३ फेब्रु., रवि.
तेरावा. माणसं यायच्या आधी मुक्तानं टीव्ही लावला. अक्कानं बंद केला. सासऱ्यांनी परत लावला. "बघू द्या. राक्षस गेला का न्हाई, मला बी कळू द्या."
मीही बसलो. कावळ्याचं पुढं काहीतरी दाखवतील असं वाटत होतं. आज गोष्टच दुसरी. कावळ्याचं नावही नाही.
मुक्तानं आजोबांना विचारलं, "आप्पा, मग आई जेवली का?"
सासरे माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणालो, हो.
कशावरून म्हणालो? कावळा उतरला तो माझा शब्द ऐकून. परत आला नाही तो खड्यामुळं, का थपडेमुळं? सासऱ्यांना विचारणार होतो. राहिलं.

१५ फेब्रु., मंगळ.
अक्का, सासरे काल आपापल्या गावी गेले. आज मुक्ता शाळेत. वेणी मी घातली, वाकडी झाली. निघताना तिनं विचारलं, "पप्पा, खरा कावळा कसा ओळखायचा?" सवयीनं म्हणालो, आईला विचार. तिनं दप्तर खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "बरं."
गालावर आता काही दिसत नाही. तरी मी बघतो.

भाकरी केली, पात परतली. चतकोर भाकरीवर पात ठेवून मागच्या भिंतीवर ठेवली. तारेवर एक कावळा होता. पुन्हा तेच बोलावं असं वाटलं. पण एकदा मोडलेला शब्द परत देता येतो का?
अकराची ड्यूटी. आत आलो, उरलेली भाकरी उभ्यानंच खाल्ली. तवा घासून पालथा घातला.