खोपटीच्या दारावरची नावं

विस्कॉन्सिन, ९ जानेवारी

प्रिय थेल्मा,
स. न. वि. वि. तळं घट्ट गोठलंय, बर्फाला भोक पाडून मासे धरायची आमची खोपटी वर ओढून नेली. तुझा गुडघा कसा आहे?

आपल्या बाबांचा शेगड्यांचा कारखाना शेअरबाजारातून काढून पुन्हा घरचा करायचा म्हणतोय. लोकांचे शेअर अठरा डॉलरनं घेईन. वकील म्हणतो, घेणारा मी आणि अध्यक्षही मीच, तेव्हा भाव माझ्याशी लागेबांधे नसलेल्या संचालकांनी ठरवायला हवा, नाहीतर कोर्ट मला सोलून काढेल. म्हणून गस, हार्लन आणि दातांचा डॉक्टर नील्स यांची समिती नेमली. तिघं इतके स्वतंत्र की खोपटीत मी भाव सांगितला, तरी गळावरची नजर हलली नाही.

कारखान्याच्या जमिनीला एक हॉटेलवाला इतके मोजतोय की शेअरचा भाव दुप्पट व्हावा, पण ते आत्ताच कशाला बोला? निवृत्त कामगार तुझं ऐकतात, त्यांना समजाव.

तुझा,
एल्वुड

२० जानेवारी

प्रिय एल्वुड,
स. न. वि. वि. गुडघा कुरकुरतोय, मीही.

शुक्रवारी चर्चच्या मासळीच्या जेवणात रूबी शेजारी होती. कारखान्याच्या भट्टीवर जन्म गेला तिचा. साठवलेलं सगळं याच शेअरात. 'थेल्मा, अठरा रास्त आहेत ना गं?' म्हणाली. मी तिच्याकडे मासळीचं ताट सरकवलं. जमिनीचं सांगून टाक, एल्वुड.

आणि खोपटीच्या दारावर मालकांची नावं रंगव. वनखात्याचा माणूस यंदा बिननावाच्या खोपटीला दंड केल्याशिवाय सोडत नाहीये म्हणे.

तुझी,
थेल्मा

५ फेब्रुवारी

प्रिय थेल्मा,
स. न. वि. वि. कायदा म्हणजे कायदा! चारही मालकांची नावं फूटभर अक्षरांत रंगवली. समितीनंही अठरा एकमतानं मान्य केले.

पण कुणीतरी दावा ठोकलाय. समिती माझ्या खिशातली आहे म्हणे, पुराव्याला फोटोही जोडलाय. कागद सोमवारी येतील. कोण हा हावरट, जरा कानोसा घे.

तुझा वैतागलेला,
एल्वुड

७ फेब्रुवारी

प्रिय एल्वुड,
स. न. वि. वि. सोमवारी कागदांतून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. दावा मी लावलाय. खोपटीच्या दाराचा फोटोही मीच काढला. काठी टेकत बर्फावर गेले होते. गस, हार्लन, नील्स आणि सगळ्यांच्या वर तू. अक्षर छान काढलंयस.

फार वाईट वाटतंय. पण रूबीला मी 'हो' म्हणू शकले नाही.

वकिलानं तुझ्याशी शेअरविषयी बोलायची बंदी केलीय, तेव्हा रविवारी जेवायला ये आणि गुडघ्याविषयी बोल. माया आहे तशीच आहे, ती कोर्टात दाखल केलेली नाही.

तुझी बहीण आणि फिर्यादी,
थेल्मा