दुधराम कापगते यांच्या दोन चित्रांबाबत

मी, हिमांशु दुधराम कापगते, वय तीस, शिक्षण आठवी, धंदा चेहरे रंगवणे, मूळ राहणार बोडीटोला, तालुका सडक अर्जुनी, जिल्हा गोंदिया, सध्या हैदराबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहून ठेवतो. दारू घेतलेली नाही, कोणी धमकावलेलं नाही, डोकं ठिकाणावर आहे. सोमवारी माझ्या छातीतली झडप बदलणार आहेत. मेलो तर कोणाचा दोष नाही, अशी दवाखान्यानं एका कागदावर सही घेतली. तो कागद त्यांचा. हा माझा.

पहिलं. बोडीटोल्याचं घर आणि तलावाखालची धानाची बांधी यातला माझा हिस्सा मोठा भाऊ मनिराम याला. मी नागपूर, रायपूर, सुरत करत फिरलो, एका जागी टिकलो नाही. चिखल त्यानंच तुडवला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे, ती खाली येते.

दुसरं. माझे सगळे ब्रश टिकेशला, जो माझ्या बाजूच्या स्टुलावर बसून लोकांच्या पापण्या करतो. सगळ्यात बारीक ब्रश त्यानं कोणाला उसना देऊ नये. ज्याला काही मिळते त्यानं साक्षीदार होऊ नये असं कळलं, म्हणून त्याची सही खाली नाही. तो रागावला आहे.

आमचं काम सांगतो. लोक फोटो पाठवतात, आम्ही त्यावर चौकोन आखून तो मोठ्या कापडावर उतरवतो. शेठची अट एकच, पाहणाऱ्याला फोटो की रंग ते कळता कामा नये. मी आठ-आठ दिवस एका नाकावरची छिद्रं रंगवतो. कोणाचं नाक ते विचारत नाही. थकलो.

तिसरं, बापाच्या चित्रांचं. बाप १९९९ मध्ये तापानं गेला. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. त्याच्या आदल्या वर्षी तो गोंदियाजवळ कुडव्याला लखनलाल पेंटरकडे जाऊन, पोराला कामाला ठेवा, असं सांगून आला होता. म्हणून आईनं मला तिथं धाडलं. लखनलाल मेलेल्यांची चित्रं करायचे. जन्मभर नुसती बंडी घालून राहिलेल्या माणसालाही कोट चढवायचे. आधी मी नुसते कोट रंगवले, मग गळ्याच्या वरचं कामही माझ्याकडे आलं.

२००३ मध्ये मनीभाऊचं लग्न ठरलं. मांडवात बापाचं चित्र पाहिजे म्हणाला. मी आरशासमोर बसलो. नाक माझं, कपाळ माझं. आईनं सांगितल्या तशा भिवया जाड केल्या, केस पांढरे केले. चित्र मांडवात लावलं तेव्हा आई लय वेळ पाहत राहिली.

"हा तं तूच आहेस बाबू," म्हणाली. "तुझा बाप कुठी आहे?"

"आई, पाहुणे पाहून राहिले," मनीभाऊ म्हणाला. "चूप राह ना."

दहा वर्षं झाली, आई रोज त्या चित्राला गंध लावते. लोक म्हणतात हुबेहूब. मी घरी गेलो की माझ्याच तोंडाला हार दिसते, मी त्याच्याकडे पाठ करून जेवतो. भाऊ, तुला माहीत होतं. हीच माझी तक्रार. चित्र काढणारा मीच, तेव्हा अर्धा दोष माझा.

गेल्या वर्षीच्या दिवाळीत लखनलालनी दुकान बंद केलं, फ्लेक्सवाल्यांनी काम नेलं होतं. सामान घेऊन जा म्हणून त्यांचा फोन आला. बिस्किटाच्या एका डब्यात लोकांनी परत न नेलेले फोटो होते. तो डबा मी पाच वर्षं वरून पुसला, कधी उघडला नाही. त्यात तलावाच्या पाळीवर उभ्या चार माणसांचा फोटो निघाला. मागं पेन्सिलीनं लिहिलेलं, 'दुधराम, बोडीटोला, डावीकडून तिसरा. कोट नको.' माझ्या नोकरीचं बोलायला गेला तेव्हाच देऊन आला असणार. सांगितलं काऊन नाही, असं मी लखनलालना विचारलं.

"अरे, मेरे को क्या मालूम कौन किसका बाप है," ते म्हणाले. "तूने कभी पूछा?"

नव्हतं विचारलं.

फोटोतलं तोंड करंगळीच्या नखाएवढं आहे. वर्षभराच्या रविवारांत मी ते हातभर उंच केलं. डावा गाल उन्हानं पांढरा पडला होता, तो पांढराच ठेवला. जे दिसलं नाही ते या खेपेला माझ्या तोंडावरून घेतलं नाही. पण हा माणूस मलाही नीट ओळखू येत नाही. मी सोळाचा होतो, विसरलो. तो दुधरामच आहे हे सांगू शकणारं एकच माणूस, आई पुष्पाबाई, आणि तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे.

म्हणून चौथं. कुडव्यात ठेवलेली माझी मोटारसायकल विकून आधी आईचे डोळे करावे. माझ्या तेरवीसाठी त्या पैशाला हात लावू नये. चित्र माझ्या खाटेखाली प्लास्टिकच्या पाईपात गुंडाळलेलं आहे. खाली सही करणारा सुखराम ट्रक घेऊन तिकडे जातो, तो नेईल. मी वाचलो तर मीच नेईन. आईच्या डोळ्यांची पट्टी निघाल्यावरच पाईप उघडावा, आणि दोन्ही चित्रं दारासमोर उजेडात भिंतीला टेकवून ठेवावी.

मी गेलो असेन तर ती जुन्याच चित्राकडे जाईल, कारण ते तोंड माझं आहे. जाऊ द्यावं. तिनं जुनंच राहू द्या म्हटलं, तर ते कोणासाठी ठेवते हे विचारू नये. तिनं नवं निवडलं तर जुनं जाळू नये, कोठीत ठेवावं. दोन दिवस लागोत, चार लागोत. ती स्वतः बोलत नाही तोवर कोणीही खिळा ठोकू नये.

वर लिहिलेलं मी वाचून पाहिलं, पटलं, सही केली.

हिमांशु दुधराम कापगते
हैदराबाद, शनिवार, १६ नोव्हेंबर २०१३

आमच्या देखत सही झाली:
१) हेमेंद्र कटरे, रा. तिरोडा, सध्या हैदराबाद
२) सुखराम लंजे, ट्रक ड्रायव्हर, रा. सडक अर्जुनी