फुंकणी शोधू नको

आये,
फुंकणी शोधू नको, मी ती महाडला माझ्या कामाच्या दुकानात घेऊन गेलीय. शेजारच्या काकीकडे मागायला पण जाऊ नको, तिला सांगून ठेवलंय. आज भाकऱ्या गॅसवरच कर.

"चुलीवरची भाकरी गोड लागते" म्हणतेस, मी काय येडी हाय? गॅसचा बाटला महाग झाला तेव्हापासूनच गोड लागायला लागली तुला. शेगडीवर तर कपड्यांच्या घड्या ठेवल्यास. आणि रात्री तोंडात पदर कोंबून खोकतेस, ते मला ऐकू येतं गो.

काल मी ओरडले ते चुकलं. पण तू पण बोललीस ना, शाळा सोडलेलीने मला शिकवू नये म्हणून. ते लागलं मला.

पेट्रोल वाढलं तसं नाते गाव ते महाड रिक्षाचं भाडं पण वाढलंय. म्हणून आजपासून मी सायकलने जाणार. वाचलेल्या भाड्यात पुढचा बाटला आणू. चढाला उतरून ढकलीन, मरत नाय.

संध्याकाळी आले की पहिला तुझा पदर हुंगणार हाय. धुराचा वास आला तर फुंकणी सावित्रीच्या पाण्यात टाकीन.

दर्शू