त्याले येते

२८ ऑगस्ट
आज बोरडोहला नर्स म्हणून रुजू झाले. आर्णीहून काळी-पिवळी जीपमध्ये दोन बायकांच्या आणि एका शेळीच्या मधे बसून आले, तरी मजा वाटली. आरोग्य उपकेंद्र गावाच्या तोंडाशीच आहे. पुढे तपासणीची खोली, मागे माझी राहायची. भिंतींना नुकताच पिवळा रंग दिलाय, त्याचा वास अजून जात नाही. एका खिडकीतून नाला आणि त्यावरचा बुटका पूल दिसतो, दुसरीतून नजर जाईल तिथवर कपाशी, इथल्या भाषेत पऱ्हाटी.

इथल्या आशा कार्यकर्त्या विमलताई भाकर आणि ठेचा घेऊन आल्या. ठेच्याने डोळ्यांतून पाणी काढलं, तर त्या मनापासून हसल्या. संध्याकाळी पुंडलिकराव आले. मोठे शेतकरी, गावात त्यांचा शब्द चालतो. सोबत नात होती, खुशी, पहिलीतली. तिने माझा स्टेथोस्कोप आजोबांच्या छातीला लावला आणि आत मोटार चालू आहे म्हणून सांगितलं. पुंडलिकराव जाताना म्हणाले, बापाजवळ सांगावं तसं काहीही सांगत जा. अमरावतीला आईला फोन करून सगळं सांगितलं. पहिलीच नोकरी, आणि इतकी चांगली माणसं.

३ सप्टेंबर
पाण्याची मोटार जळली. दुरुस्तीला कपिल नावाचा माणूस आला. उंच, कमी बोलणारा. मोटार उघडायच्या आधी चप्पल बाहेर काढून ठेवली. तो आत आला तसं तपासून घ्यायला बसलेल्या एका बाईने बाळावर पदर ओढला आणि ती न तपासताच निघून गेली. दुसरीही उठली.

नंतर विमलताईंनी हळू आवाजात सांगितलं, त्या घरापासून दूर राहा, त्याले येते. काय येतं, विचारलं, तर त्या गोळ्यांचा डबा आवरायला लागल्या. तो आणि त्याची आई सुखीबाई गावाबाहेर राहतात. बाप होता, त्यालाही येत होतं म्हणे. मी हसले. आपल्या कामाचा अर्धा भाग हे गैरसमज काढणंच आहे.

१४ सप्टेंबर
इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहायचं एकच होतं आणि ते लिहायची लाज वाटत होती. कपिल रोज काहीतरी निमित्त काढून येतो. निमित्तं संपली तेव्हा मीच पंखा बिघडवला.

आज दुपारी त्याच्या शेतात गेले होते. सुखीबाईंनी चहा दिला आणि माझ्याकडे फार वेळ पाहत राहिल्या. मग पऱ्हाटीत उभं राहून कपिल म्हणाला, "पळून जाशील तं आत्ताच जा." त्याने एक हिरवं, कच्चं बोंड तोडलं, माझ्या तळहातावर ठेवलं आणि वरून आपला हात झाकला. माझा हात आधी कोमट झाला, मग चांगला गरम. त्याने हात काढला तेव्हा बोंड फुटलेलं होतं. पांढराशुभ्र कापूस, सुकलेला, वेचायला तयार.

मी नर्सिंग शिकलेली मुलगी. मी ते हुंगून पाहिलं, उलटंपालटं केलं. तो सांगत राहिला. दुखणं ओढून घेता येतं, विष उतरवता येतं, पण ते मग त्याच्या अंगात दोन-तीन दिवस राहतं. तीन गावं सोडावी लागली. शेवटच्या गावात बापाला जिवे मारलं.
"गाव बदललं म्हणून हात थोडेच बदलते," म्हणाला.

मी पळाले नाही. त्याचा तो हात घेऊन माझ्या गालावर ठेवला.

२४ सप्टेंबर
गावभर बोंडअळी पडली आहे. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी आणि काळा चिखल. पहिल्यापासून स्वच्छ राहिलं ते फक्त कपिलचं शेत. मी म्हटलं, दुसऱ्यांचं वाचवता येणार नाही का? तर म्हणाला की रात्री जाऊन तीन शेतांतली काढून आला होता, आता उभं राहवत नाही. त्या तीन शेतांचे मालकच, त्यानेच करणी केली म्हणून, सगळ्यात जास्त बोलताहेत. त्यांनी त्याला बांधावरून जाताना पाहिलं होतं.

कपिलच्या दाराशी कोणीतरी टाचण्या टोचलेली लिंबं टाकली. हॉटेलात त्याला चहा दिला नाही. पुंडलिकराव येऊन मला अगदी मायेने म्हणाले, "तुम्ही बाहेरच्या, पोरी. आमाले हे नवं नाही."

२७ सप्टेंबर
कपिल आणि सुखीबाईंना घेऊन आर्णीला पोलिसांकडे गेले. साहेब सज्जन होते. जादूटोणाविरोधी कायदा आहे, कोणाला करणी करणारा म्हणणं हाच गुन्हा आहे, म्हणाले. मग पेन खाली ठेवून सहज विचारलं, "खरंच काही येते का याले?"

मी म्हटलं, नाही. जादू नावाची गोष्टच नसते, साहेब.

परतताना पुलाजवळ कपिल म्हणाला, "तू हो म्हणली असती तं मेलो असतो. नाही म्हणली, तं मी नाहीच." मी रडायला लागले, तर त्यानेच समजूत घातली. मी त्याच्याकडून वचन घेतलं की यापुढे हात लावायचा नाही, कशालाही. दिवाळीनंतर अमरावतीला जायचं, लग्न करायचं. तिथे मोटारी दुरुस्त करील, आणि कोणाला काही कळणार नाही.

पोलीस गावात येऊन सभा घेऊन गेले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

४ ऑक्टोबर
खुशीला नाग चावला, दुपारी, कडब्याच्या गंजीजवळ. रात्रीपासूनच्या पावसाने पूल पाण्याखाली. रुग्णवाहिका नाल्याच्या पलीकडे उभी, दिसत होती. माझ्याकडे विषावरचं औषध नाही. तिच्या पापण्या मिटत गेल्या, मग श्वास. मी तोंडावर मास्क धरून अंबू बॅगचा फुगा दाबत श्वास देत होते. पुंडलिकराव माझे पाय धरून बसले होते. अंगणात सगळं गाव.

मीच विमलताईंना पाठवलं. कपिलला बोलवा म्हणून, मीच सांगितलं.

तो दारात थांबला. "सगळे पाहून राह्यले, दिपाली."
मी म्हटलं, "पोरगी जाते रे."

त्याने तिच्या पायावर हात ठेवला. त्याची बोटं निळी पडली, मग मनगट. खुशी खोकली, डोळे उघडले, पाणी मागितलं. पुंडलिकरावांनी तिला उचलून छातीशी धरलं आणि कपिलकडे पाहिलं. त्या नजरेत उपकाराची जाणीव नव्हती. भीती होती, नुसती भीती.

बाहेर कोणीतरी म्हणालं, "पाह्यलं ना?"

५ ऑक्टोबर
सकाळी. बाहेरून कडी घातली आहे. विमलताई दाराबाहेर रडताहेत, पण उघडत नाहीत.

पुंडलिकरावांचा आवाज ऐकला. "जो उतरवते, तो चढवतेबी." मग सगळे तिकडे, त्याच्या घराकडे —

पोलिसांना फोन केला. पुलावरून अजून पाणी आहे म्हणाले.

तो ओरडत नाही. का ओरडत नाही तो? लोकांचाच आवाज येतो, त्याचा एकदाही —

६ ऑक्टोबर
कपिल गेला.

पाणी उतरल्यावर पोलीस आले. कोणीच काही पाहिलेलं नाही. शवविच्छेदनानंतर देह मिळाला, तो मी आणि सुखीबाईंनी धुतला. त्याचे हात — नाही. ते लिहिणार नाही.

९ ऑक्टोबर
सुखीबाई माझ्या खोलीत आहेत. आई फोनवर म्हणते, आजच निघ. सुखीबाई इथून हलायला तयार नाहीत. लेकाची राख इथे आहे.

विमलताई आल्या. माझ्याकडे न बघता बोलत होत्या. पुंडलिकरावांची बायको दोन वर्षं अंथरुणावर. काल खुशी तिचे पाय चेपत होती. म्हातारी उठली आणि चालत ओसरीवर आली. शेजारणींनी पाहिलं.

सुखीबाईंनी डोळे मिटले. म्हणाल्या, "मरायच्या आधी शेवटी ज्याले वाचवलं, त्याच्यात जाते ते. बापानं कपिलले वाचवलं होतं. आता त्या पोट्टीत गेलं."

१० ऑक्टोबर
पुंडलिकराव आलेत. अनवाणी, खुशीला पोटाशी धरून. आत घ्या म्हणतात. सुखीबाईंच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांनी पाय मागे घेतले. मला त्या माणसाचा गळा दाबावासा —

खुशी विचारते, मी काय केलं?

लोक येताहेत. तेच सगळे. पुंडलिकराव खिडकीतून पाहताहेत, हीच ती माणसं म्हणतात, माझं ऐकणारी, आज ऐकत नाहीत.

सुखीबाई उठल्या. खुशीच्या डोक्यावरून हात फिरवला. मला म्हणाल्या, "पोट्टीले धरून ठेव." कडी काढली. अडवलं, पण त्यांच्या अंगात कुठून एवढं —

बाहेर उभ्या राहून सांगताहेत. माह्यामुळं झालं, पोट्टीचं काही नाही, मलेच येते, मलेच —

आता सगळे सुखीबाईंकडे धावले —

खुशी माझा हात सोडत नाही. तिचा हात गरम आहे. पुंडलिकराव, तुम्ही तरी बाहेर जा, तुम्ही सांगा त्यांना. ते भिंतीशी बसलेत, उठत नाहीत. मीच जाते. खुशी, सोड ना बाळा, मी —